कष्टांचा सातबारा

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांना ओरेगॉन ट्रेल नवा नाही. शाळेच्या इतिहासात तो असतो, पुठ्ठ्याची आणि पांढऱ्या कापडाची गाडी करून नेण्याचा प्रोजेक्ट असतो, आणि १९७१ साली मिनेसोटात तयार झालेला त्याच नावाचा कॉम्प्युटर गेमही असतो. त्या गेममध्ये आमांशाने मरणं हा आता सगळ्या देशाचा विनोद झालेला आहे. ओरेगॉनची राजधानी सेलममध्ये गेलात, तर विधिमंडळाच्या इमारतीवर सोन्याचा मुलामा दिलेला, कुऱ्हाड घेतलेला पायोनियर उभा दिसेल. या सगळ्यातून एक वाक्य न बोलता सांगितलं जातं: या लोकांनी अपार सोसलं, म्हणून हा प्रदेश त्यांचा झाला.

मला या वाक्यातल्या ‘म्हणून’बद्दल बोलायचं आहे. सोसण्याबद्दल शंका नाही. सोसणं खरं होतं, आणि आपल्याला शाळेच्या पुस्तकातून कळतं त्याहून बरंच जास्त होतं. पण सोसल्यामुळे हक्क निर्माण होतो का? होत असेल तर कशावर? कष्टांचा सातबारा कोणाच्या नावावर चढतो? प्रश्न दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या गाड्यांचा वाटेल, पण आपणही दूरवर येऊन राहिलेली माणसं आहोत आणि हे ‘म्हणून’ आपल्याही बोलण्यात रोज येतं. तेव्हा थोडा वेळ द्या.

आधी एका कुटुंबाची हकिगत सांगतो, कारण ‘पायोनियर’ हा शब्द इतका गुळगुळीत झालेला आहे की त्यातली माणसं दिसेनाशी होतात.

हेन्री सेजर शेती आणि लोहारकाम करायचा. कोणाचं काही मोडलं, बनवून हवं असलं, की लोक त्याच्याकडे येत. एका जागी तो फार दिवस रमत नसे, असं त्याच्याच मुलीनं, कॅथरिननं, मोठेपणी लिहून ठेवलं आहे. १८३८ साली तो ओहायोतून मिसूरीत आला, तिथेही जागा बदलली, आणि मग ओरेगॉनची चर्चा त्याच्या कानावर आली. त्याची बायको नेओमी हिलाही ओरेगॉनची हवा चांगली आहे, हे ऐकून जावंसं वाटलं. मिसूरी नदीकाठची हिवतापाची हवा ज्यांनी भोगली, त्यांना ‘निरोगी हवा’ या दोन शब्दांची किंमत वेगळी वाटत असणार. १८४४ च्या एप्रिलमध्ये ते निघाले. बरोबर सहा मुलं: जॉन, फ्रान्सिस, कॅथरिन, एलिझाबेथ, मटिल्डा आणि लुईझ. मोठा जॉन तेरा-चौदा वर्षांचा, लुईझ तीनेक वर्षांची. नेओमीच्या पोटात सातवं मूल होतं.

ते मूल मे महिन्याच्या शेवटी वाटेवरच जन्मलं. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची रीत आहे. हा तांडा काही दिवसांपलीकडे थांबूच शकत नव्हता. सुमारे ३,२०० किलोमीटरचं अंतर, बैलांची चाल दिवसाला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, आणि पुढच्या डोंगरांत बर्फ पडायच्या आत पलीकडे पोचायचं. १८४६ साली डॉनर मंडळींच्या तांड्याला उशीर झाला आणि सिएरा नेवाडाच्या बर्फात निम्म्याच्या आसपास माणसं गेली, हे अमेरिकेतलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा ओली बाळंतीण बिनस्प्रिंगच्या गाडीत घालून सेजर कुटुंब पुढे निघालं. गाडीला इतके हेलकावे बसायचे, की मुलांना बोट लागावी तसं मळमळत राहायचं.

पुढे एका ठिकाणी गाडी उलटली आणि नेओमी बराच वेळ बेशुद्ध पडली. ऑगस्टच्या सुरुवातीला, फोर्ट लॅरमीच्या अलीकडे, कॅथरिनची पाळी आली. चालत्या गाडीतून उडी मारून उतरायची मुलांना सवयच झाली होती. नऊ वर्षांच्या या मुलीच्या झग्याचं टोक कुऱ्हाडीच्या दांड्यात अडकलं, ती चाकाखाली गेली आणि तिचा पाय अनेक ठिकाणी मोडला. बापानं स्वतःच तो बांधला. त्यानंतरचा प्रवास तिनं गाडीत पडून केला, आणि जे पाहिलं ते पुढे लिहिलं.

मग तापानं तांड्यात घर केलं. हेन्री आजारी पडला आणि ग्रीन नदी ओलांडल्यावर गेला. त्याला नदीकाठी पुरलं. साधारण महिन्याभरात, आताच्या आयडाहोमधल्या ट्विन फॉल्सच्या परिसरात, नेओमीही गेली. शेवटच्या दिवसांत ती तापात बरळत होती. गाड्यांची धूळ इतकी, की गाडीला चादर लावूनही ती आत यायची. तांड्यातल्या बायका रात्री येऊन तिच्या तोंडावरची धूळ पुसून जायच्या. तिला रस्त्याच्या कडेलाच पुरलं. सात मुलं मागे राहिली. थोरला चौदाच्या आतबाहेर, धाकटी चार महिन्यांची.

तांड्याचे कॅप्टन विल्यम शॉ, त्यांची बायको आणि एक जर्मन डॉक्टर यांनी ही मुलं सांभाळली. तान्ह्या मुलीला तांड्यातल्या बायकांनी आळीपाळीनं पाजलं. बैल संपत आले, तेव्हा मोठी गाडी कापून दोन चाकांचा छकडा केला. ऑक्टोबरमध्ये मुलं आताच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वाइलाट्पू इथे, मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन यांच्या मिशनमध्ये पोचली. व्हिटमन दांपत्याची एकुलती एक मुलगी, दोन वर्षांची ॲलिस, १८३९ साली नदीत बुडून गेली होती. त्यांनी सातही मुलं ठेवून घेतली.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभली असती. मीही इथे थोडा थांबतो, कारण ‘सोसणं’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आहोत.

हेन्रीनं जे सोसलं ते निवडलेलं होतं. धोका त्याला पूर्ण कळला होता असं नाही, पण जायचं की नाही हे त्याच्या हातात होतं. नेओमीचं अर्धं निवडलेलं होतं: तिला जावंसं वाटलं होतं हे खरं, पण गरोदरपणी निघायचं की पुढच्या वर्षी, हे एकटीनं ठरवण्याची सोय त्या काळच्या बायकोला फारशी नव्हती. आणि मुलांनी काहीच निवडलं नव्हतं. कॅथरिनचा पाय ही तिच्या धाडसाची किंमत म्हणता येत नाही. ती दुसऱ्याच्या निर्णयाची किंमत होती. पायोनियरांच्या धैर्याची कथा सांगताना आपण या तिघांचं एकत्र गाठोडं बांधतो आणि वर बापाचं नाव लिहितो. पुतळा त्याचाच असतो.

हे एका घरापुरतं नव्हतं. १८४० ते १८६० या काळात ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे काही लाख माणसं अशी गेली. मेली ती मुख्यतः रोगानं, १८४९ नंतर विशेषतः पटकीनं. आणि चाकाखाली, नदीत, नाहीतर स्वतःच्याच बंदुकीच्या गोळीनं. सिनेमांनी आपल्या डोळ्यांसमोर ठेवलेलं चित्र, म्हणजे गोल करून लावलेल्या गाड्या आणि भोवती बाण सोडणारे इंडियन, हे अपवादाचं होतं. इतिहासकार जॉन अनरू यांनी या वीस वर्षांच्या नोंदी चाळल्या. मूळनिवासींच्या हातून मारले गेलेले प्रवासी त्यांना आढळले ३६२, आणि प्रवाशांच्या हातून मारले गेलेले मूळनिवासी ४२६. एरवी याच लोकांनी गाड्या नदीपार करून दिल्या, वाट दाखवली, सामन मासे आणि बटाटे विकले. झाडं नसलेल्या मैदानात चूल पेटली ती रानगव्यांच्या वाळलेल्या शेणावर. गोवऱ्या थापणाऱ्या आज्या ज्यांच्या घरात होत्या, त्या वाचकांना याचं नवल वाटणार नाही, पण मिसूरीच्या शेतकरणींना पहिले काही दिवस त्याची किळस आली आणि मग तीही गेली.

तर कष्ट अफाट होते. आता ‘म्हणून’कडे येऊ.

कष्टांनी हक्क मिळतो, या म्हणण्यामागे एक प्रतिष्ठित विचार आहे आणि त्याला झटकून टाकणं बरोबर होणार नाही. जॉन लॉक यांनी १६८९ मध्ये मांडलं, की माणूस आपल्या श्रमाचा मालक असतो; तो श्रम त्यानं जमिनीत मिसळला की ती जमीन त्याची होते. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा याच विचाराच्या गोत्रातली. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं नशीब पालटलं. हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या आजोबांना त्यातून जमीन मिळाली असेल, काहींच्या आजोबांची गेली असेल. तो हक्क न्याय्य होता असंच मी मानतो.

पण ‘कसेल त्याची’ या शब्दांत दोन अटी दडलेल्या आहेत. एक, घाम त्याच जमिनीत गाळलेला हवा. कूळ ज्या वावरात राबलं, ते वावर त्याचं झालं. त्या वावरापर्यंत पायी यायला किती लांबून यावं लागलं, याचा हिशोब कोणी मांडला नाही. दोन, कोणाकडून काढून कोणाला द्यायचं, हे त्यात स्पष्ट होतं: न कसणाऱ्याकडून कसणाऱ्याला. लॉकच्या सिद्धांतातही अट आहेच. दुसऱ्यांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे.

ओरेगॉनमध्ये या दोन्ही अटी पुऱ्या होत नाहीत. धूळ प्लॅट नदीच्या काठची खाल्ली, माणसं ग्रीन नदीजवळ पुरली आणि जमीन मागितली विलामेट खोऱ्यातली. प्रवासातल्या हालांचा त्या मातीशी संबंध काय? आणि ते खोरं कोणी कसत नव्हतं असंही नव्हतं. कालापुया लोक पिढ्यानपिढ्या तिथली कुरणं ठरलेल्या वेळी जाळून राखत होते, कामस नावाचा कंद खणत होते. ती मोकळी, सपाट, गवताळ जमीन पाहून तांड्यांनी देवाचे आभार मानले, पण तिचा मोकळेपणा या आगीनं राखलेला होता. ती ओस दिसण्याचं दुसरं कारण याहून भयाण आहे. १८३० नंतरच्या तीन-चार वर्षांत तापाच्या साथीनं खालच्या कोलंबिया आणि विलामेट खोऱ्यातली बहुतेक मूळ वस्ती संपवली होती. आज अभ्यासक तो मलेरिया होता असं मानतात. म्हणजे ज्या हिवतापाला कंटाळून लोक मिसूरी सोडत होते, तसल्याच तापानं त्यांच्या आधी जाऊन जागा रिकामी करून ठेवली होती.

१८५० साली अमेरिकेच्या काँग्रेसनं ओरेगॉनसाठी जमीनवाटपाचा कायदा केला. आधीच येऊन राहिलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर, नवराबायकोला मिळून ६४०, आणि त्यातले निम्मे बायकोच्या नावावर. बायकोच्या नावावर जमीन, ही त्या काळात मोठी गोष्ट होती, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. पण ही वाटणी सुरू झाली तेव्हा कालापुयांशी एकही करार मंजूर झालेला नव्हता. तो १८५५ मध्ये झाला, आणि १८५६ पर्यंत उरलेल्यांना ग्रँड रोंडच्या राखीव भागात हलवलं गेलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आजच्या नजरेतून झालं. त्या काळच्या लोकांना मनापासून वाटत असेल की कष्टांचं फळ म्हणून जमीन मिळते. असू शकेल. पण ते खरोखर कष्टांचं फळ होतं का, हे तपासायची एक सोय त्या काळानंच ठेवली आहे. सेजर कुटुंब निघालं त्याच १८४४ साली जॉर्ज वॉशिंग्टन बुश नावाचा एक शेतकरीही बायकामुलांसह मिसूरीतून निघाला. तोच रस्ता, त्याच नद्या, तीच धूळ. तो सुखवस्तू होता, आणि इतर कुटुंबांना त्यानं वाटेत मदत केली असं सांगतात. बुशचे वडील कृष्णवर्णीय होते. त्याच वर्षी ओरेगॉनच्या हंगामी सरकारनं कृष्णवर्णीयांना तिथे राहायला बंदी करणारा कायदा केला होता, आणि न गेल्यास फटक्यांची शिक्षा ठेवली होती. मग बुश आणि त्याचे सोबती कोलंबिया नदीच्या उत्तरेला, आताच्या वॉशिंग्टन राज्यात टमवॉटरजवळ जाऊन राहिले. १८५० च्या कायद्यानं त्याला जमीन दिली नाही. अवघड वर्षांत त्यानं धान्य देऊन ज्यांना जगवलं होतं, त्या शेजाऱ्यांनी खटपट केली, तेव्हा १८५५ मध्ये काँग्रेसनं खास त्याच्या एकट्यासाठी कायदा करून त्याचा ताबा मान्य केला.

माझ्या मते बुशच्या या एका उदाहरणानं वादाचा निकाल लागतो. कष्टांमुळे हक्क मिळत असता, तर समान कष्टांना समान हक्क मिळाला असता. कायद्यानं कष्ट मोजलेच नाहीत, कातडी पाहिली. कष्टांची कथा नंतर आली, आधीच घेतलेल्या निर्णयाला सभ्य कपडे चढवायला.

आता सेजर मुलांकडे परत जाऊ, कारण त्यांची गोष्ट मी अर्धवट सोडली आहे.

व्हिटमन यांचं मिशन होतं ते कायूस लोकांच्या प्रदेशात. दरवर्षी तिथून जास्त जास्त गाड्या जाऊ लागल्या. १८४७ साली गोवराची साथ आली. ती नेमकी कोणाबरोबर आली, पूर्वेकडून आलेल्या तांड्यांबरोबर की कॅलिफोर्नियाहून परतलेल्या मूळनिवासींबरोबर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परिणामांवर नाहीत. या आजाराचा पूर्वी वाराही न लागलेल्या कायूसांपैकी, नेहमी दिला जाणारा अंदाज धरला तर, निम्मे लोक गेले. मिशनमधल्या गोऱ्या मुलांना गोवर यायचा आणि बहुतेक बरी व्हायची. त्याच डॉक्टरच्या त्याच औषधानं कायूसांची मुलं मरायची. प्रतिकारशक्तीचं शास्त्र आपल्याला माहीत आहे. जिच्या मांडीवर मूल गेलं, त्या आईला ते माहीत नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच, की हा माणूस आपल्या लोकांना वाचवतो आणि आमच्यांना वाचवत नाही. कायूसांच्या रीतीत रोगी दगावले तर वैद्याला जिवानिशी जावं लागू शकत असे.

२९ नोव्हेंबर १८४७ ला काही कायूसांनी मिशनवर हल्ला केला. मार्कस आणि नार्सिसा मारले गेले. एकूण मृत्यू तेरा, त्यांत जॉन आणि फ्रान्सिस सेजर. ज्या दोन पोरांनी आईबापाला वाटेत पुरून बहिणींना इथवर आणलं होतं, ती तीन वर्षांत संपली. ओलीस असतानाच लुईझ गोवरानं गेली. हडसन्स बे कंपनीच्या पीटर स्कीन ऑग्डन यांनी महिन्याभरानं मोबदला देऊन सगळ्यांना सोडवलं. उरलेल्या चार बहिणी वेगवेगळ्या घरांत वाटल्या गेल्या. पुढे युद्ध झालं, आणि ३ जून १८५० रोजी ओरेगॉन सिटीत पाच कायूस पुरुषांना फाशी दिलं गेलं. १८५५ च्या करारानं कायूसांची बहुतेक जमीन गेली.

आता सांगा, इथे जास्त कोणी सोसलं? हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो, कारण त्याला उत्तर नाही, आणि ते शोधायला लागलं की माणूस चमत्कारिक हिशोब करू लागतो. तिथे आईबाप, दोन भाऊ आणि एक बहीण गमावलेली बारा वर्षांची मुलगी आहे. तिथेच दोन महिन्यांत निम्मी वस्ती पुरलेली जमात आहे. हक्क सोसण्यातून येतो असं एकदा मानलं, की या दोघांना तराजूत घालावं लागतं. मग प्रत्येक बाजू आपलं दुःख वाढवून आणि दुसऱ्याचं कमी करून सांगू लागते. त्या हत्याकांडाच्या पन्नासाव्या वर्षी, १८९७ साली, त्या जागी मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेला संगमरवरी दगड बसवण्यात आला. कॅथरिन, एलिझाबेथ आणि मटिल्डा, तिघी म्हाताऱ्या बहिणी, त्या समारंभाला होत्या. त्यांच्या भावांची नावं दगडावर असावीत, यात काहीच गैर नाही. गोवरानं गेलेल्या कायूस मुलांची नावं त्यावर नाहीत.

मग सोसण्याला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मला वाटतं ती दोन प्रकारची आहे.

पहिली किंमत म्हणजे आदर. चार महिन्यांच्या बहिणीला आणि पाय मोडलेल्या बहिणीला घेऊन डोंगर ओलांडणाऱ्या चौदा वर्षांच्या जॉनबद्दल मनात आदर वाटणार नाही, असा माणूस दगडच म्हणायचा. पण आदर आणि मालकी या दोन गोष्टी आहेत. एखाद्याचे पाय धरावेसे वाटले, म्हणून शेजाऱ्याचं घर त्याच्या नावावर करून देत नाहीत.

दुसरी किंमत गरजेची आहे, आणि ती तातडीची असते. सेजर मुलांना तांड्यावर पूर्ण हक्क होता. कोणीतरी त्यांना उचलून न्यावं, खायला द्यावं, तान्हीला पाजावं, हा त्यांचा हक्कच होता, उपकार नव्हे. पण तो कशातून आला? मागे चार महिने हाल काढले होते यातून नव्हे. आत्ता, या क्षणी, ती निराधार होती आणि आजूबाजूच्या माणसांना मदत करता येत होती, यातून. मुलं आदल्या दिवसापर्यंत सुखात असती, तरी तो हक्क तेवढाच राहिला असता. नेओमीचं तोंड पुसायला येणाऱ्या बायकांनी हिनं किती सोसलं याची बेरीज केली नाही. त्यांची स्वतःची पोरं आजारी होती, पीठ संपत आलं होतं. धूळ दिसली, ती पुसली. आणि या प्रकारचा हक्क मूळनिवासींच्या मुलांनाही तितकाच लागू होतो. त्याला रंग नसतो आणि तो दुसऱ्याचं काढून घेऊन भागवावा लागत नाही.

मागे झालेल्या दुःखाचं बिल पुढच्या जगानं भरावं, असं मात्र त्यातून निघत नाही. ज्यानं दुःख दिलं त्यानं भरपाई करावी, हे बरोबर. पण ओरेगॉनच्या प्रवाशांना दुःख कालापुयांनी दिलं नव्हतं. भरपाई त्यांच्याकडून झाली.

आता आपल्याकडे येतो. आपण कोणी बैलगाडीतून आलो नाही. विमानानं आलो, दोन बॅगा आणि एक लोणच्याची बरणी घेऊन. तरी आपल्याही बोलण्यात हे ‘म्हणून’ असतं. आम्ही रीतसर रांगेत उभे राहिलो, वर्षानुवर्षं ग्रीन कार्डची वाट पाहिली, आईच्या शेवटच्या आजारात जाता आलं नाही, म्हणून जे रांग मोडून आले त्यांना इथे जागा नाही. हे मराठी मंडळींच्या गप्पांत तुम्हीही ऐकलं असेल. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या माझ्यासारख्या पोस्टडॉकला त्या रांगेची धास्ती चांगली कळते. ती रांग खरोखर अन्यायाची आहे. देशागणिक मर्यादेमुळे भारतात जन्मलेल्या माणसाला जितकं थांबावं लागतं, तितकं थांबण्याचं कोणतंही समर्थन मला दिसत नाही. पण या त्रासातून जो हक्क निघतो, तो रांग सुधारण्याचा आहे. आणखी कोणाला तरी बाहेर ठेवण्याचा नाही. वाळवंट तुडवून आलेल्या आईच्या कडेवरच्या पोरापेक्षा माझ्या कागदपत्रांनी मला जास्त थकवलं असेल किंवा नसेल; तो मुद्दाच नव्हे. सीमा कशा असाव्यात यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात, पण ती स्वतःच्या हालांच्या पावत्या दाखवून ठरवता येणार नाहीत.

हेच घरात. ‘आम्ही तुमच्यासाठी एवढं सोसलं’ हे वाक्य आपल्या पिढीनं ऐकलं आणि आता आपणही म्हणायला लागलो आहोत. ते खरं असतं, म्हणूनच ते जड असतं. पण मुलांनी आपल्याला इथे यायला सांगितलं नव्हतं. देश सोडण्याचा निर्णय आपला. त्याची किंमत, आजीआजोबांशिवायचं बालपण, दोन भाषांतली ओढाताण, मुलांनीही मोजली आहे. हेन्रीच्या निर्णयातलं कॅथरिनचं सोसणं जसं वेगळं मोजायला हवं, तसं आपल्या घरातलंही. त्याग केल्याची कृतज्ञता मुलांना वाटली तर आनंद आहे. ती वसूल करायला गेलं, की तो त्याग राहत नाही, कर्ज होतं. आणि कर्ज घेणाऱ्याला विचारून द्यायचं असतं.

यावर एक आक्षेप मला प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सोसण्यातून काहीच मिळणार नसेल, तर लोक धाडस का करतील? हेन्री सेजर निघालाच नसता. कदाचित. पण तो निघाला तो हाल काढायला नव्हे. चांगली हवा, चांगली जमीन, मुलांना बरं आयुष्य, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते हवं असण्यात काही पाप नाही. हाल ही त्यानं नाइलाजानं मोजलेली किंमत होती. एखाद्या वस्तूसाठी आपण भरपूर किंमत मोजली, यावरून ती विकणाऱ्याची होती की चोरीची, हे ठरत नाही. जास्त किंमत मोजलेल्याला हा प्रश्न ऐकायला जास्त जड जातो, इतकंच. एवढं सोसून आल्यावर ‘ही जागा कोणाची होती’ असं कोणी विचारलं, तर राग येणं स्वाभाविक आहे. तो राग मी समजू शकतो, पण त्याला उत्तर म्हणता येत नाही.

तेव्हा तुमच्या घरी पुठ्ठ्याच्या गाडीचा प्रोजेक्ट आला, तर जरूर मदत करा. गाडीत आठ-दहा जणांचं पाच महिन्यांचं पीठ आणि खारवलेलं मांस कसं मावायचं, याचं गणित मुलांना आवडतं. नेओमीबद्दल सांगा, जॉनबद्दल सांगा. बुशबद्दल सांगा, त्याचं नाव पुस्तकात नसेल तरी. आणि मुलांनी विचारलं, की एवढं सगळं सोसल्यावर ती जमीन त्यांची झाली का, तर घाईनं ‘हो’ म्हणू नका. आधी त्यांनाच विचारा, की तिथे अगोदर कोण राहत होतं, आणि त्यांचं काय झालं.